मंजुरीपूर्वी काम सुरू करू नये

सरकारी अनुदानाचा अर्ज भरायला अक्कल लागत नाही, कंबर लागते. माझी बसून बसून गेली. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता संस्थेचं काम निवांत करायचं. आमची संस्था म्हणजे गावातल्या सात जणांनी नोंदवलेली, एका लोखंडी कपाटात मावणारी. ते कपाट माझ्या घरात ठेवायला जागा होती म्हणून अध्यक्षही मीच. आपल्या भागातली गाणी-वाजवणी टिकावीत एवढाच आमचा हेतू होता. त्यासाठी एक अर्ज करावा म्हणून बसले, ती चार वर्षं उठलेच नाही.

अर्ज होता आबांसाठी. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी धनगरांची वाडी आहे. आबा तिथले सगळ्यात जुने. त्यांची नातवंडं माझ्या वर्गात होती, तेव्हापासून आमची ओळख. ढोलावर देवाच्या ओव्या म्हणायच्या त्या संपूर्ण पाठ असलेले वाडीत तेवढे एकच. बाकीचे मागून ओळ उचलणारे. पुढची ओळ काय ते आबांच्या तोंडाकडे बघून ठरायचं. एकेक ओवी संपायला प्रहर लागायचा आणि त्यातलं अक्षरही कुठं लिहिलेलं नव्हतं. वाडीतली तरणी माणसं मेंढरं घेऊन हिंडतात नाहीतर पिरंगुटकडे मजुरीला जातात. शिकायला निवांत असलेली अशी दहा पोरंच, आठ ते चौदा वयाची.

एके दिवशी आबा आपणहून खाली आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, माजा आवाज हाय तवर पोरास्नी बसवतो. तुमी सरकारात बगा, दोन-चार ढोल मिळालं तर. हायेत त्यांची कातडी गेली."

मला एवढं बरं वाटलं की मी त्याच दिवशी लोककलांना अनुदान देणाऱ्या खात्याचं माहितीपत्रक काढून वाचायला घेतलं. त्यात अकरावी की बारावी अट होती: मंजुरीपूर्वी सुरू केलेला उपक्रम अनुदानास पात्र राहणार नाही. इकडे आबांनी पुढच्या सोमवारी पोरं गोळासुद्धा केली होती. मी घाईघाईनं वाडीवर गेले आणि वर्ग थांबवला. आधीच सुरू केलं तर ढोलही मिळायचे नाहीत, असं त्यांना समजावलं. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. दिवाळीपर्यंत, मी म्हणाले. जन्मभर शाळेत काढलेली बाई मी. नियम दिसला की पाळायचा, हे हाडात गेलेलं. पोरं उड्या मारत घरी गेली, त्यांना काय, सुट्टीच मिळाली.

पहिल्या वर्षीचा अर्ज फोटोंवरून परत आला. कलावंतांचे फोटो जागेच्या नोंदीसह हवे होते. वाडीत मोबाइलला रेंज येते ती फक्त एका आंब्याखाली, तीही वारा पडला तर. मी फोटो काढले, आणि त्यावर जी जागा उमटली ती धरणाच्या पाण्याच्या मधोमध होती. कार्यालयानं कळवलं की नमूद ठिकाणी वस्ती आढळत नाही. या पत्रावर मी हसले होते. तेव्हा अजून हसू यायचं.

दुसऱ्या वर्षी मी कागदाला कागद लावून, पान क्रमांक टाकून, सगळं चोख केलं. संचातल्या कलावंतांची यादी हवी होती. आबांना विचारलं, संचात कोण कोण आहे. ते डोळे मिटून एकेक नाव सांगत गेले, मी लिहीत गेले. वयं विचारली तर तीही अंदाजानं सांगितली. सोळा नावं झाली. खाली मी अध्यक्ष म्हणून प्रतिज्ञापत्रावर सही ठोकली की वरील माहिती खरी आहे. पुढं छाननीत सगळ्यांची आधार कार्डं मागितली, तेव्हा वाडीवरून अकराच आली. पाच येईनात. निरोप पाठवून थकले आणि शेवटी चिडून वर गेले.

आबा म्हणाले, "त्यांची कुटनं आनू? त्ये न्हाईत आता."

मला काही सुधरेना. न्हाईत म्हणजे कुठं गेलेत, विचारलं. तर पाचही जण वारलेले. एक तर आबांचे वडील, ज्यांचं वय मी यादीत पंचावन्न लिहिलं होतं, कारण ते त्या वयात गेले. वाडीची रीतच तशी. ओवी मांडायच्या आधी संच सांगायचा तो पहिल्या ढोलकऱ्यापासून, गेलेल्यांना धरून. त्यांना वगळून म्हणायला उभं राहणं बरं मानत नाहीत. ही नावं मी त्यांच्या जत्रेत किती वेळा ऐकली होती! कान देऊन ऐकलं नव्हतं, एवढंच. मला आबांचाही राग आला आणि माझाही, पण बोलून दाखवला तो त्यांच्यावरच. मेलेल्या माणसांची नावं सांगतं का कुणी, असं मी ओरडले.

"तुमी इचारलं संचात कोन हाय. मेला म्हनून मानूस संचातनं जातोय व्हय?"

कार्यालयातली बाई वाईट नव्हती. तिच्या टेबलावर फायलींची एवढी चळत होती की माझ्याशी ती चळतीच्या बाजूनं वाकून बोलायची. तिनं सांगितलं, नुसती नावं खोडून चालणार नाही, प्रतिज्ञापत्र खोटं ठरलंय, अर्ज बाद. शेरा लिहिला तो मी उलटा वाचला: मृत व्यक्तींच्या नावे अनुदानाची मागणी. पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं आणि हा शेरा कपाळी आला. एसटीत बसल्यावर पौड येईपर्यंत मी रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, घरातलं कोणी गेलं का?

तिसऱ्या वर्षी नवा अर्ज, अकरा नावांचा. उरलेली पाच गाळायला आबांनी हरकत घेतली नाही. तुमच्या कागदावर नकोत तर नकोत, आमच्यात राहतील, एवढंच म्हणाले. त्या वर्षी खात्याची निवड समितीच नेमली गेली नाही. मी फोन करायचे, तिकडून थांबा म्हणायचे, आणि आबा बाजाराच्या दिवशी भेटले की मी त्यांना थांबा म्हणायचे. दरवेळी ते मान हलवायचे. एकदा त्यांना खोकल्याची उबळ आली तर मी पाण्याची बाटली पुढं केली आणि तेवढ्यातच सांगून टाकलं, पुढच्या महिन्यात नक्की.

मंजुरी आली ती चौथ्या वर्षी, मोबाइलवर. मला आनंद व्हायला हवा होता. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि तशीच बसून राहिले. ज्या दहा पोरांची नावं मी शिकाऊ म्हणून दिली होती, त्यातली थोरली मुलगी घोटावड्याच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. दोघं हिंजवडीत घरोघर पार्सलं पोचवत होते. धाकट्यांपैकी चौघं आश्रमशाळेत गेली होती, एकीचं लग्न झालं होतं. वाडीत दोनच उरली होती. आणि आबांचा आवाज पावसाळ्यातच गेला होता. बोलत होते, पण तोंडाजवळ कान न्यावा लागायचा. दवाखान्यात घशातली गाठ काढली, जीव वाचला, पण डॉक्टरांनी गाणं नाही म्हणून सांगितलं.

तरी मी पत्र छापून घेऊन वर गेले. न सांगता कशी राहणार? आबा दारात घोंगडीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ढोल मिळणार, सहा महिन्यांचा वर्ग मिळणार. ते ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "त्याच सोमवारी बसवली असती तर पोरं दोन वर्सांत तयार झाली असती. मोडक्या ढोलावर बी झाली असती. तुमी थांबा म्हनला म्हनून थांबलो."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि मी माहितीपत्रकावर. ढोल नसते मिळाले तर नसते मिळाले, ओव्या तरी राहिल्या असत्या. हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नाही. सरकारनं आबांना कधीच थांबवलं नव्हतं, थांबवणारी मी होते. हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला फक्त.

मग त्यांनी कागदाकडे बोट करून विचारलं, यात अजून काय लिवलंय. पहिला हप्ता मिळण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांनी एक प्रमाणपत्र द्यायचं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं: प्रमाणित करण्यात येते की, मंजुरीपूर्वी सदर प्रशिक्षण कोणत्याही स्वरूपात सुरू करण्यात आलेले नाही.

आबांनी मला आणखी जवळ बोलावलं, म्हणून मी कान खाली नेला.

"मग करा की सही," ते म्हणाले. "खरंच हाय त्ये."