याडीचं तोंड परत द्या

"कीबोर्डचं लगीन लावायलीस का गं?"

सर असं म्हणाले आणि सगळा वर्ग खदाखदा हसला. माझी बोटं पिवळी होती. हळद काढायचे, शिजवायचे दिवस होते. सकाळी याडीसोबत शेतात राबून मग जवळा बाजारहून एसटीनं मी हिंगोलीला आले होते. याडी म्हणजे आई, आमच्या तांड्याच्या बोलीत. साबण लावा, राख लावा, हळद बोटांवरून लवकर उतरत नाही. सरांनी खिशातला रुमाल काढला, मी दाबलेल्या बटणांवरून फिरवला आणि दोन बोटांत धरून खिडकीबाहेर टाकून दिला. धुता आला असता तो.

"हात धुवून ये. रोज धुवूनच यायचं. तांड्यावर पाणी नसंल तर इथं हौद हाय."

मी गेले, घासून घासून हात लाल केले. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं जात नव्हतं. अडत्याचा पोरगा भजी खाऊन तशाच हातानं माउस धरायचा. त्याचं तेल चालायचं, माझी हळद चालत नव्हती. तीच हळद त्याच्या बापाच्या दुकानात पोत्यांनी रचलेली असायची.

मी गप्प बसायचे, कारण माझी जागा फुकट होती. हिंगोली जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि गावात कॉम्प्युटर क्लासचं नवं वारं होतं. सर आमच्या तांड्यावर आले. म्हणाले, तांड्यावरची एक पोरगी मी शिकवतो, धर्म म्हणून. नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, माझं नाव सांगितलं. दहावी झालेली मीच एक होते. सगळ्या तांड्याला वाटलं, चला, आपलं कुणीतरी त्या पेटीपुढं बसणार.

त्या दिवशी सरांकडं कॅमेरा होता. त्यांनी याडीला उभं केलं. आमच्या बाया परक्या माणसापुढं घुंगट घेतात, तोंड दाखवत नाहीत. तांड्याला कॅमेरा ठाऊक होता तो फक्त मतदानाच्या कार्डापुरता. तेव्हा साहेबानं दटावून सगळ्यांची तोंडं उघडायला लावली होती. त्यामुळं आमच्याकडं हिशेब सरळ होता: कॅमेरा आला म्हणजे सरकारी काम आलं. नायक बायांना म्हणाला, "मास्तर हाय, पोरीचं कार्ड व्हायचं आसंल. घ्या घुंगट मागं." याडीनं घुंगट मागं घेतला. माझ्यासाठी घेतला. तिनं कुणाला काही विचारलं नाही आणि सरांनीही काही सांगितलं नाही.

दोनेक महिन्यांनी सरांनी आम्हाला नेट दाखवलं. टेलिफोनच्या तारेवर चालणारं नेट. कुरकुर करत जोडलं जायचं. "आपल्या क्लासची वेबसाइट," सर म्हणाले. "आता अमेरिकेत बसून कुणीबी आपला क्लास पाहू शकतो." आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागं कोंडाळं करून उभे.

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरत होता. आधी आभाळ. मग आमच्या झोपडीचं पाचट. मग घुंगटाची कड, कानांजवळ लोंबणारी चांदीची घुगरी. मग कपाळ, डोळे, गालावरचं गोंदण. याडी. उन्हानं डोळे बारीक केलेली, कार्ड नीट व्हावं म्हणून न हलता उभी असलेली माझी याडी.

खाली लिहिलं होतं: क्लासच्या आधी.

शेजारी दुसरा फोटो. इस्त्रीच्या ड्रेसमधली शहरातली मुलगी, कॉम्प्युटरपुढं हसणारी. खाली: क्लासच्या नंतर.

पोरं हसून हसून वाकली. कुणीतरी म्हणालं, "सर, आधीचं ध्यान कुठून धरून आणलं?" मला तेव्हा धरणी दुभंगावी असं काही वाटलं नाही. मला राग आला. इतका, की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"ती माझी आई हाय. काढा तो फोटो."

सर मागं वळले. जरा दचकले असतील, पण सावरले. "अगं येडे, जगभर दिसून राहिली तुझी माय. पेढे वाट पेढे."

"तिला विचारलं न्हाई तुमी."

"नेटवर गेलं ते कुणाच्या बापाचं नसतं. शिकायचं आसंल तर बस, न्हाईतर बाहेर चपला हायेत."

मी चपला घातल्या.

घरी याडी रोज एकच विचारायची, आज काय शिकलीस. त्या दिवशीही विचारलं. मी सगळं सांगितलं, हसणंसुद्धा. ती चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "कोन कोन पाहून राहिलं?"

"कोनीबी. ज्याला पाह्यचं तो."

"आन किती दिवस?"

"काढत न्हाईत तवर."

तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, "मंग मी घुंगट काहून घेते गं?"

मी त्या चुलीपुढं ढसाढसा रडले. ती रडली नाही. तिनं सकाळची एसटी पकडायची ठरवली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत येऊन क्लासच्या दारात उभी राहिली, घुंगट नाकापर्यंत ओढून. सर म्हणाले, "चपला बाहेर काढून या."

"मला आत याचंच न्हाई," याडी म्हणाली. "माझं तोंड तुमच्या पेटीत हाय. तेवढं परत द्या."

कुणी हसलं नाही. मी मात्र आत गेले, थेट सरांच्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. सर ओरडले, "हात!"

"न्हाई धुनार."

सरांच्या वेबसाइटचा पासवर्ड सगळ्या वर्गाला ठाऊक होता, ते मोठ्यानं ओरडूनच सांगायचे. मी तो दाबला असता तर फोटो गेला असता. पण मग चोर मी ठरले असते. मी पिवळे हात कीबोर्डवर ठेवले आणि म्हणाले, "तुमी लावला, तुमीच काढा. तिच्यासमोर काढा. तवर मी उठत न्हाई."

रस्त्यावरचे लोक दारात जमायला लागले. सरांनी फोटो काढला. त्यांना लाज वाटली म्हणून नाही. क्लासच्या अब्रूला भ्याले म्हणून. मग मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." मी पुन्हा गेले नाही. शिकले ते दुसरीकडं, नंतर, फार तकलीफ काढून.

त्या क्लासात मी एक गोष्ट मात्र बराबर शिकले होते: कॉपी. कॉपी केली की मूळ पुसलं तरी दुसरं उरतं. कुणाचं कॉपी करावं, कुणाला विचारावं, हे कुठल्या धड्यात नव्हतं. त्या कोंडाळ्यातल्या कुणीतरी फोटो घेऊन ठेवला होता. काही वर्षांनी तो मला दुसऱ्याच एका पानावर सापडला, विनोदांच्या. ओळी त्याच, आधी आणि नंतर. खाली अनोळखी माणसं खिदळत होती, टोपणनावं घेऊन.

याडीनं त्यानंतर फोटो काढू दिला नाही. घरातल्या लग्नात नाही, माझ्या नोकरीच्या वेळी नाही. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला घरात एक फोटो निघाला नाही. मतदानाच्या कार्डावर तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. भाऊ म्हणाला, "नेटवरचा हाय की. खालचं लिवलेलं काप आन फ्रेम कर." त्याचंही चुकलं नाही. त्यालाही आई बघायची होती. मलाही. मी तो फोटो उघडून तासभर तिच्या डोळ्यांकडं बघत बसले. मग बंद केला. तिनं तो चेहरा दिला नव्हता, तो तिच्याकडून काढून घेतला होता. चोरीचा माल मी तिच्या भिंतीवर टांगणार नाही. खिळा आहे. रिकामा आहे.

आता मी आश्रमशाळेत संगणक शिकवते. माझ्या वर्गात कुणी हात धुवून येत नाही. कीबोर्डची बटणं हळदीच्या दिवसांत पिवळी होतात, होऊ देत. माउस धरण्याआधी लेकरांना मी एवढंच म्हणायला लावते: ज्याचं तोंड, त्याला विचार.

आणि त्या विनोदांच्या पानाला मी लिहिते. हा फोटो माझ्या आईचा आहे, तिला विचारलं नव्हतं, काढा. खाली माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, तांड्याचं नाव. टोपणनाव नाही. उत्तर येत नाही. मी पुन्हा लिहिते. ते पान चालवणारा थकेल किंवा मरेल, मी थकणार नाही. मी मेले तर माझ्या वर्गातली एखादी पोर पिवळ्या बोटांनी तेच लिहील.