कच्चं चालतं

"पास्टर, हे शिजलेलं आत नका नेऊ. कच्चं चालतं."

गोंदियातल्या मोठ्या चर्चची पायरी. हंगामाचा सण. सांगणाऱ्या होत्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, चर्च कमिटीच्या सेक्रेटरी साहेबांच्या मिसेस. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. त्या आवाजात इतकी साखर होती की पायरीवरच्या मुंग्यांची रांग वळून त्यांच्या चपलेकडे निघाली. एका हातात गीतांचं पुस्तक, दुसरा हात दारात आडवा.

माझ्या मागे सुकवारो आणि तिची सून. दोघींच्या खांद्यावर बांबू, बांबूला टांगलेला गंज. तो गंज म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यात मोठं भांडं. त्यात एखादं वासरू बसून आंघोळ करेल आणि वरून पाणी मागेल. गंजात नव्या चिन्नोर तांदळाचा भात, गूळ घातलेला, वर पळसाची पानं, त्यावर धुतलेलं फडकं बांधलेलं. त्यांच्या मागे माझी अख्खी मंडळी, डोक्याला तेल चोपडून, ठेवणीतले कपडे घालून.

मी थोडं वाढवून बोलतो. माझ्या मंडळीलाही ते माहीत आहे. उपदेशात मी बायबलातल्या योनाला गिळणारा मासा सांगायला लागलो की लोक आधी विचारतात, पास्टर, या वर्षी मासा केवढा आहे. पण पायरीवरचं ते वाक्य मी वाढवलेलं नाही. त्यात वाढवायला जागाच नव्हती.

आता हा गंज तिथपर्यंत कसा आला ते ऐका.

सालेकशाच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी पाळक आहे. मंडळी लहान. बहुतेक गोंड, थोडे महार. मी स्वतः महार, मूळचा कामठ्याकडचा. दर वर्षी धान निघालं की शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये हंगामाचा सण होतो. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मंडळ्या पहिलं पीक घेऊन येतात आणि वेदीपुढे ठेवतात. आमचं गाव नेहमी पोतंभर तांदूळ पाठवायचं. पोतं जायचं, सोबत मी जायचो, माणसं घरी राहायची. त्या वर्षी मीच जोर केला. म्हटलं, पोत्याला कसली उपकारस्तुती करता येते, आपण सगळेच जाऊ. आपलंच घर आहे ते.

आपलंच घर. माझेच शब्द. पुढची चूक त्या शब्दांतून झाली.

कारण आमच्या गावात नवा तांदूळ घरच्या माणसाला कच्चा देत नाहीत. नवं धान आलं की शिजवतात, शेजारीपाजारी एकत्र बसतात, आणि मगच घरात नवा खायला सुरुवात होते. हे माझ्याही आधीचं, मिशनच्याही आधीचं. सुकवारो आमच्या मंडळीतली सगळ्यात जुनी बाई. तिच्या अंगणातच आमची पहिली प्रार्थना झाली. तिनं मला सरळ विचारलं, "पास्टर, कोरडा तांदूर तं भिकाऱ्याले देतेत. ज्याच्यासंग जेवत नाही, त्याले देतेत. देव का भिकारी आहे?"

धर्मशिक्षणाच्या कॉलेजात मला ग्रीक शिकवलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर ग्रीकमध्येही नसावं. म्हटलं, शिजवा.

पहाटे चुली पेटल्या. सकाळच्या पॅसेंजरमध्ये गंज चढवला. त्या भाताचा वास असा, की डब्यातले झोपलेले लोक तोंड हलवत जागे झाले. समोरून येणारी मालगाडी सिग्नल हिरवा असूनही हळू झाली, असं मी शपथेवर सांगेन. एक म्हातारा आमगावला उतरायचा होता, तो उतरलाच नाही. सुकवारो मात्र कोणाला शीतभर देईना. आधी देवाच्या घरी, मग सगळ्यांना, एवढंच तिचं म्हणणं.

आणि देवाच्या घराच्या पायरीवर आडवा हात.

मी विचारलं, काऊन चालत नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, स्वच्छतेचा प्रश्न असतो ना, आणि आपल्याकडे पहिल्यापासून पद्धत आहे, कच्चं कोणाच्याही हातचं चालतं. माझ्या खांद्यावरचा धागा उचलून टाकला, जशी आई पोराच्या अंगावरचा उचलते. मग दोन स्वयंसेवकांना सांगितलं, हे मागे ठेवून द्या.

मागे म्हणजे कुठे? जनरेटरच्या शेडला लागून, जिथे जेवणानंतर भांडी घासतात, त्या मोरीजवळ. गंज तिथे गेला. आतमध्ये वेदीपुढे कोहळ्यांचा डोंगर, उसाच्या कमानी, पोती, टोपल्या. सगळं कच्चं. सगळं पवित्र.

सुकवारो गंजाजवळ खाली बसली. सून बसली. बाकीचे उभे राहिले. मला म्हणाली, तू जा आत, तुझा काम आहे. आणि मग, अगदी सहज, शेतात पाणी किती लागलं असं विचारावं तसं विचारलं, "काऊन पास्टर, या लोकायचा देव कच्चाच खाते का?"

मी आत गेलो. पाय सवयीनं गेले. त्या चर्चच्या आवारातच मी वाढलो. माझे बाबा तिथे घंटा वाजवायचे, सतरंज्या टाकायचे, लाकडं फोडायचे. मोठ्या पाळकसाहेबांनी त्या दिवशी कृतज्ञतेवर उपदेश केला. इतका लांब, की सुरू झाला तेव्हा कोहळे हिरवे होते आणि संपेपर्यंत पिकले असावेत. मी एक शब्द ऐकला नाही. मला कांदे दिसत होते.

लहानपणी सणाच्या प्रीतिभोजनाला बाबा कांदे चिरायचे. डोंगरभर. डोळे लाल, नाक वाहतंय, पाटीवर पाटी. पाणी भरायचे, चूल पेटवायचे, तांदूळ निवडायचे. पण कढई चुलीवर चढली की बाबा उठून लांब जाऊन उभे राहायचे. झारा दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात. मला वाटायचं, बाबांना मोठा स्वयंपाक जमत नसेल. घरी तेच बाबा असं कालवण करायचे की शेजारच्या गल्लीतली माणसं वाटी घेऊन यायची. एकदा विचारलं तर म्हणाले, "कामं वाटून देल्ली आहेत रे आपल्याले."

वाटून दिलेली कामं. कांदा चिरेपर्यंत आमचा हात चालतो. कांदा तेलात पडला की आमचा हात बाटवतो. तीस-चाळीस वर्षं बाबा घंटा वाजवून साऱ्या गावाला देवाच्या जेवणाला बोलावत राहिले आणि स्वतः झाऱ्यापासून हातभर लांब राहिले. हे मला त्या बाकावर बसून, पांढरा झगा घालून, कॉलर लावून कळलं. इतकं शिकलो, इतकं शिकवलं, आणि कळायला एक आडवा हात लागला.

सेक्रेटरी साहेबांसारख्या कुटुंबांच्या पणजोबांनी बाप्तिस्म्याच्या वेळी आपली मोठी जात पाण्यात सोडली, असं चर्चच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत सांगतात. सोडली असेल. पण ती बुडली नाही. पोहत काठाला लागली, अंग पुसलं, सूट शिवला आणि कमिटीवर निवडून आली.

उपासना संपली. मांडवात टेबलं लागली. कापडाखाली बिर्याणी. आता माझं काम आलं. खेड्यातल्या मंडळ्यांच्या वतीनं आभार मानायचे आणि जेवणाची प्रार्थना म्हणायची. हा मान दर वर्षी मलाच. कारण मी रंगवून बोलतो. आमच्या गावातला अंधार मी असा सांगायचो की ऐकणाऱ्यांना भर दुपारी दिवा लावावासा वाटायचा. त्या वर्षी तर आभाराला मोठं कारण होतं. आमच्या प्रार्थनाघरावर ताडपत्री होती, आणि मोठ्या चर्चनं छपरासाठी पत्रे द्यायचं ठरवलं होतं. ते पत्रे भिंतीला टेकून उभे होते, प्रत्येकाला लाल रिबिन. सेक्रेटरी साहेब माइक देताना कानात म्हणाले, पास्टर, दोन शब्द, पण डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

सेक्रेटरी साहेबांच्या सुटाला इतकी कडक इस्त्री असते की बाहीच्या कडेवर वांगं चिरावं. मी त्या कडेकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, डोळे मिटले होते, पोटं तयार होती. प्रार्थनेशिवाय तिथे कोणी घास घेत नाही.

मी बोललो. अजिबात रंगवलं नाही.

"आमच्या बायांनी शिजवलेला भात मागे मोरीजवळ ठेवला आहे. तो या टेबलावर येईपर्यंत मी प्रार्थना म्हणणार नाही. आभारही मानणार नाही."

एकेक डोळा उघडला. अध्यक्षबाईंचा पदर ठीक होता, तरी त्यांनी तो ठीक केला. सेक्रेटरी साहेब हसत हसत जवळ आले. त्यांचं हसू तोंडावर चिकटवलेलं होतं, आता गोंद सुटायला लागला होता. कानात म्हणाले, "पास्टर, पत्रे बाहेर उभे आहेत. विचार करून बोला."

माइक माझ्याच हातात होता. मी माइकवर सांगितलं, "सेक्रेटरी साहेब म्हणतात पत्रे बाहेर उभे आहेत. आमची माणसंही बाहेरच उभी आहेत."

शहरातल्या एका घरातली नवी सून खुर्चीवरून उठली. खरंच उठली. दोन पावलं मोरीच्या दिशेनं टाकली. सासूनं पदर धरला. ती बसली.

मग मोठे पाळकसाहेब उठले. माझे गुरू. मला कॉलेजात पाठवणारे. माझ्या हातातून माइक काढून घेतला, माझ्याकडे न बघता डोळे मिटले आणि जेवणाची प्रार्थना म्हटली. दोन तास बोलणाऱ्या माणसानं इतकी छोटी प्रार्थना म्हटली की देवालाही नीट ऐकू आली नसेल. आमेन. झाकणं उघडली. चमचे वाजायला लागले.

ते जेवले. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मला वाटलं होतं भांडतील, हाकलतील. नाही. जेवले. कोणी तरी रायतं मागितलं.

मी मागे गेलो. म्हटलं, चला, आपण इथेच वाढून घेऊ. सुकवारो म्हणाली, मोरीजवळ नवा नाही खात. तिनं बांबू खांद्यावर घेतला. आम्ही गंज उचलला आणि स्टेशनवर आलो. फलाटावर पंगत बसली, पळसाच्या पानांवर. आधी आमची माणसं, मग हमाल, चहावाला, छत्तीसगडकडे निघालेले मजूर, एक टीसी, त्यानं दोनदा घेतलं. त्या गंजातून अर्धा फलाट जेवला. मी सांगतो तेव्हा अख्खी गाडी जेवते.

हे ऐकून कोणी सुखावू नये. फलाटावरच्या लोकांना आम्ही कोण ते माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं, ते बिर्याणी खात होते.

पत्रे आले नाहीत. गेला पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. प्रभुभोजनाच्या प्याल्यात द्राक्षरस कमी आणि आभाळ जास्त होतं. लेकरं छत्री धरून गीतं म्हणत होती. आता पुन्हा शेताच्या बांध्यांमध्ये धान पिवळं पडलं आहे. मागच्या आठवड्यात सेक्रेटरी साहेबांचा फोन आला. आवाज पहिल्यासारखाच गोड. म्हणाले, झालं गेलं सोडा, या वर्षी सणाला या, माइकवर दोन शब्द माफीचे बोला, पत्रे लगेच गाडीत घालून देतो. नाहीतर कमिटीला तुमच्या जागी दुसरा पाळक पाठवावा लागेल. आणि हां, चिन्नोरचं पोतं नेहमीसारखं आणा, सगळ्यांना फार आवडतं.

मी हे मंडळीपुढे ठेवलं. घर गेलं तर माझं एकट्याचं जात नाही. बायको आहे, दोन पोरं शाळेत आहेत, पाळकाचं घर कमिटीच्या नावावर आहे. आणि छप्पर तर साऱ्यांचंच. मग सुकवारो बोलली, "तू माफी मागली तं आमीच दुसरा पास्टर पाहू." लोक हसले. ती हसली नाही.

उपकारस्तुती देवाची करायची असते. पाऊस त्यानं दिला, धान त्यानं पिकवलं, त्याचे उपकार मी घसा बसेपर्यंत मानीन. पण बाबांचे चिरलेले कांदे खाऊन त्यांना कढईपासून लांब उभं करणाऱ्यांचे आभार मी आयुष्यभर रंगवून मानले, ते पुष्कळ झाले. प्रभू येशूनं तळ्याच्या काठी स्वतःच्या हातानं मासळी भाजून शिष्यांना खाऊ घातली. त्याची मासळी ज्यांना चालते आणि सुकवारोचा भात चालत नाही, त्यांच्या वेदीपुढे मी पुन्हा उभा राहणार नाही. कॉलर काढून घ्या. घर काढून घ्या.

या हंगामाला आमच्या गावातून तांदळाचा एक दाणा शहरात जाणार नाही. सण सुकवारोच्या अंगणात होईल. सेक्रेटरी साहेबांना मी फोनवरच आमंत्रण दिलं आहे, बाईंनाही, मोठ्या पाळकसाहेबांनाही. यायचं. खाली मांडी घालून बसायचं. आमच्या बाया शिजवतील, वाढतील, ते आमच्या पंगतीत जेवायचं. त्याआधी कोणी ‘जय मसीह’ म्हणत हात पुढे केला, तर मी माझा हात देणार नाही.