पेट्रोल बघणं तिच्याकडे होतं

आमच्या गाडीत दोनच माणसं बसतात. वर कापडी छप्पर, पुढे लांबलचक बॉनेट आणि त्याखाली दोन कार्ब्युरेटर. निवृत्त झालेल्या एका फौजी साहेबांकडून मी ती घेतली, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "म्हणजे पाहुणे आले तर त्यांना घरी ठेवून जायचं. बरं झालं." कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गाडीला अजूनही 'सरांचं खेळणं' म्हणतात. म्हणोत बापडे.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं स्वारगेटवरून कात्रजला जायचो आणि जुना घाट चढून बोगद्याच्या अलीकडे थांबायचो. थर्मासमधला चहा प्यायचा, खाली पसरलेल्या शहराला नावं ठेवायची आणि परत यायचं. कामांची वाटणी ठरलेली होती. बॉनेट माझं, टाकी तिची. पेट्रोलचा काटा केव्हाच बंद पडला होता, म्हणून ती लाकडी फूटपट्टी टाकीत बुडवून बघायची. पंपावर उतरून शून्य बघणं, झाकण उघडणं, लावणं, सगळं तिच्याकडे. मला त्यात हात घालू द्यायची नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी घातला नाही.

शेवटची दोनेक वर्षं गाडी घाटात बंद पडायला लागली. पायथ्यापर्यंत छान यायची, मग चौथ्या वळणाच्या आसपास आचके द्यायची, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या मागच्या पंपाची टकटक मंदावायची आणि इंजिन मान टाकायचं. मी चडफडत उतरायचो, बॉनेट उघडायचो, फिल्टर काढून फुंकायचो, कार्ब्युरेटरला पान्याने दोन टोले द्यायचो. ती मागे जाऊन पट्टी बुडवायची आणि ओरडून सांगायची, "अहो, पेट्रोल आहे!" मी माझ्याच नादात. पुन्हा किल्ली फिरवली की गाडी सुरू. "बघ, फुंकल्यावर झाली की नाही?" मी म्हणायचो. "तुमच्या फुंकरीत एवढा जोर आहे," ती म्हणायची, "उगाच पोरांना पदार्थविज्ञान शिकवत बसलात."

या वर्षी ती गेली. आठ दिवसांचं आजारपण, तेवढंच.

तीन महिने गाडी झाकून ठेवली होती. मग एका रविवारी काढली. टाकी तिने भरून ठेवलेलीच होती. चौथ्या वळणावर नेहमीसारखी बंद पडली. मी उतरलो, फुंकलं, टोले दिले, किल्ली फिरवली. काही नाही. दहा वेळा फुंकलं. तासभर कठड्यावर बसून राहिलो, तेव्हा कुठे ती सुरू झाली, आणि वर जायचा धीर न होऊन मी खालीच वळवली. चहा थर्मासमध्ये तसाच घरी परत आला.

हातगुण वगैरे मी मानत नाही. तरी त्या दिवशी वाटलं, गाडीला कळलंय. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, विकून टाका ना आता." मी मनाशी ठरवलं, घाट चढली तर ठेवायची, नाही तर विकायची. वर जाऊन बायको भेटणार नव्हती, हे मला कळत होतं. पण घरात तिची जागा भराभर बुजत चालली होती. खुर्चीवर कपडे साठत होते, तिच्या कपाटात माझी औषधं शिरली होती. बोगद्याजवळची तिची जागा तरी अजून रिकामी असेल असं वाटायचं, आणि मला तिथे जायचं होतं. फार जायचं होतं.

मग हात धुऊन मागे लागलो. आताचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं म्हणतात, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. फिल्टर नवा घातला, पंप उघडून साफ केला, कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक वाटा तारेने मोकळ्या केल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, साधं खोकलंसुद्धा नाही. घाटात मात्र तेच चौथं वळण. असे तीन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी मी तिथूनच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. त्याचं गॅरेज आहे. मी केलेली सगळी कामं त्याने शांतपणे ऐकून घेतली.

"सर, टाकीचं झाकण ढिलं करून बघितलंत?"

"झाकण मी कधी उघडत नाही."

"मग कोण उघडतं?"

मी वळून टाकीकडे बघितलं. कोण, ते त्याच्याच लक्षात आलं असावं. हळू आवाजात म्हणाला, "सर, तेलाच्या डब्याला दुसरं भोक का पाडायचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. आत हवा गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार कसं?"

मी मागे गेलो आणि झाकण फिरवलं. फुस्स करून टाकीने हवा आत ओढली. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाची पिशवी होती. धुतलेली, गोल कापलेली, कडेने रबर लावून घट्ट बसवलेली. लोणच्याच्या बरणीला ती अशीच पिशवी लावायची, मुंगी शिरायची बिशाद नसे. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "वळणावर झाकणातून पेट्रोल उडतं, साडीला वास येतो." मी म्हटलं होतं, "बघतो." माझ्या 'बघतो'चा अर्थ तिला तीस वर्षं ठाऊक होता. तिने स्वतःच बघितलं. वास बंद झाला, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

म्हणजे झाकणातला हवेचा रस्ता तिनेच बुजवला होता, आणि दर रविवारी पट्टी बुडवायला झाकण उघडून गाडी सुरू करत होती तीही तीच. तिला ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच. माझ्या फुंकरीने ती गाडी एकदाही सुरू झाली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पिशवी खिशात घातली. गाडी एका दमात घाट चढली. बोगद्याच्या अलीकडे थांबलो, चहा ओतला. मागून पेट्रोलचा वास येत होता आणि त्यावर तक्रार करायला शेजारी कोणी नव्हतं. मी रडलो. गाडी विकायची नाही हे ठरलं, पण ती न थांबता वर आली हे मला सहन झालं नाही.

पुढच्या रविवारी निघण्यापूर्वी मी पिशवी परत झाकणाखाली लावली. चौथ्या वळणावर गाडी शहाण्यासारखी बंद पडली. मी नेहमीसारखं बॉनेट उघडलं आणि मग तिच्या जागी, मागे जाऊन उभा राहिलो. तिथून नुसतं उघडं बॉनेट दिसतं, त्याच्या आडचा माणूस दिसत नाही. मी पट्टी बुडवली आणि मोठ्याने म्हणालो, "अहो, पेट्रोल आहे!"

पलीकडून कोणी ओ दिली नाही. मीही कधी दिली नव्हती.