कूलर ऐकणारा ट्यूनर

माझे कान गेले तेव्हा सगळ्यात आधी गेला तो तंबोऱ्याचा सूर. धंतोलीतल्या दवाखान्यात कान तपासून मशीन बसवून घेतलं. त्यातून दाराची बेल ऐकू येते, भाजीवाला ऐकू येतो. तंबोरा मात्र पत्र्यावर वाळू पडल्यासारखा वाजतो, आणि बायकोचं गाणंही तसंच फाटकं येतं. लग्न झाल्यापासून संध्याकाळी ती गाणार आणि तंबोरा मी लावून देणार, ही आमच्या घरची रीत. ती मोडू नये म्हणून सदरच्या बाजारातून खुंटीला लावायचा चिमट्यासारखा ट्यूनर आणला. त्यात सुराचं अक्षर दिसतं, आणि तार जुळली की काटा मधोमध येऊन हिरवा दिवा लागतो, असं दुकानदार म्हणाला होता.

त्या चिमट्याने मला जेरीस आणलं. आतला चपटा सेल ढिला बसतो, म्हणून गोळ्यांच्या पाकिटाची चांदी दुमडून मागे कोंबली. खुंटीला धरणारं रबर गरमीने चिकट झालं, ते पुसत बसायचं. त्यात पोटाशी एक बारीक बटण. एकीकडे केलं की यंत्र लाकडातली थरथर धरतं, दुसरीकडे केलं की खोलीतला सगळा गलका. बोट लागलं की हे मेलं बटण सरकतं. वर चिकटपट्टी लावली, तर ती मे महिन्यात सुटून आली.

परवा खुंटी पिळतोय, पिळतोय, काटा आपला भलत्याच अक्षरावर. शेवटी उठून कूलर बंद केला.

"काहून हो बंद केला? जीव जाऊन राहिला न माझा!"

"यंत्र कूलरले ऐकून राहिलं वं."

"मग त्यालेच गायले बसवा!"

पुन्हा बसलो. घाम डोळ्यांत, बोटं निसटताहेत, काटा थरथरतोय.  मग ती हळूच म्हणाली, "मोबाईलवर लावू का तंबोरा? तुमचा त्रास तरी वाचंल."

हेच मला नको होतं. तिच्या गाण्यात माझं एवढंच तर काम उरलं होतं. आणि ती अजून सुरात गाते की नाही, हेही मला आता कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. रडूच यायचं, त्याऐवजी मी ट्यूनरवर खेकसलो आणि खुंटी सोडून दिली.

माझा पारा उतरेना, तेव्हा तिने डोळे मिटून नुसता सा लावला. माझ्या कानात नेहमीसारखी खरखर.

सहज नजर चिमट्याकडे गेली. तारेला माझा हात नव्हता. बटण खोलीतला आवाज धरायच्या बाजूलाच सरकलेलं होतं. तिच्या पट्टीचं, काळी चारचं अक्षर, काटा मधोमध, आणि हिरवा दिवा. तिचा श्वास संपेपर्यंत काटा हलला नाही.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

"काहून? चुकला का?"

"नाही वं. मले पाहू दे."