क्लासवाल्यांनी बदललेली खोली

लातूरच्या क्लासवाल्या सरांनी मला फसवलं. मुखेडच्या गुरांच्या बाजारात आजवर मला कुणी आजारी बैल विकू शकलेलं नाही. जनावर रवंथ करत नसलं की मी सौदा मोडतो. सरांनी मात्र फोनवर गोड बोलून फसवलं.

मुलीला डॉक्टर करायचं म्हणून त्यांच्या हॉस्टेलवर ठेवली होती. दिवाळीनंतर तिची झोप गेली, जेवण सुटलं. तिच्या खोलीत आणखी तिघी होत्या, हे मला नंतर पोरीकडून कळलं. निलंग्याच्या मुलीचे वडील मास्तर. तिच्या मते हा निव्वळ आळस. देगलूरच्या दुकानदाराच्या मुलीला नजर लागल्याची खात्री. तिने घरून दर्ग्याचं पाणी मागवलं. निदान काहीतरी केलं तिने. तिसरी नांदेडची, आई नर्स. ती थेट सरांकडे गेली आणि म्हणाली, हा मनाचा आजार आहे, हिच्या घरी कळवा.

सर मोठे हुशार. त्यांनी घरी कळवलं नाही, नर्सच्या मुलीची खोली बदलली. वातावरण बिघडवते म्हणे. मी फोन केला की सांगायचे, घरची आठवण येते, टेस्ट सुरू झाल्या की रुळेल. रुळली ना! एका टेस्टला पेपर कोरा ठेवून बाकावरच बसून राहिली, उठेना. तेव्हा कुठे मला बोलावलं, तेही "घेऊन जा" म्हणून.

गाडीत मी विचारलं, "काय होऊन राहिलं बाई तुला?"

"काही न्हाई पप्पा. मी कामचुकार हाय."

हा शब्द आमच्याच घरातला. अंगात ताप असला तर आजारी, नाहीतर कामचुकार, एवढे दोनच प्रकार आमच्याकडे. नर्सच्या घरात तिसराही असतो, हे मला कुणी सांगायचं? जिने सांगितलं तिला तर हलवलं.

नांदेडच्या मनाच्या डॉक्टर बाईंशी मी घासाघीस केली. डिप्रेशन लिहू नका, अशक्तपणा लिहा, उद्या सोयरीक जमवायची आहे. बाई हसल्या नाहीत, भावही उतरवला नाही. गोळ्या सुरू आहेत. परवा पोरीने आपणहून दुसरी भाकरी मागितली.

मग मी लातूर गाठलं. सर म्हणाले, "पालकांना उगाच घाबरवायचं नसतं."

सर, घाबरायचं की नाही ते माझं मी बघतो. पालक मेळाव्यात माईक तुमच्याच हातात असतो. त्याच माईकवर सांगा, खरं बोलणाऱ्या पोरीला का हलवलंत, आणि माझी पोर स्वतःला कामचुकार समजत झुरत होती तेव्हा मला काय म्हणून अंधारात ठेवलंत. जाब मला तुमच्याच तोंडून हवा आहे.