दत्तोपंत, गुंड्या आणि वाटेवरची कुत्री

दत्तोपंत गेल्याची तार कर्जत स्टेशनात आली, ती त्यांच्याच टेबलावर. सोळा वर्षं ज्या यंत्रावर त्यांनी लोकांची जन्ममरणं उतरून घेतली, त्याच यंत्रावर त्यांच्या जागी आलेल्या नव्या तारमास्तराने त्यांचं मरण उतरून घेतलं, आणि कागद घेऊन तो स्वतःच माझ्या घरी आला. मुंबईच्या इस्पितळात पहाटे गेले, भाचा जवळ होता... एवढंच. पौषातली सकाळ होती. ओट्यावर त्यांचा कुत्रा गुंड्या उन्हाला पडला होता. नव्या मास्तराच्या कपड्यांना स्टेशनचा, कोळशाचा वास येत असावा. गुंड्या लगबगीने उठला, त्याचं धोतर दोनदा हुंगलं, आणि तो माणूस आपला नव्हे हे कळल्यावर जागेवर जाऊन पडला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते तेव्हा. तार वाचताना नाही.

दत्तोपंतांना मूलबाळ नव्हतं, पत्नी लवकर गेलेली. स्टेशनामागच्या दोन खोल्यांत ते आणि हा तांबूस, शेपटीच्या टोकाला पांढरा असलेला गावठी कुत्रा, असा त्यांचा संसार. मी मामलेदार कचेरीत कारकून, म्हणून मला ते नावाने कधी हाक मारत नसत. 'काय कचेरी, रविवारी काय करताय?' असं दारातूनच विचारत. पोटाच्या दुखण्याने मार्गशीर्षात मुंबईला निघाले, तेव्हा गुंड्याला माझ्या अंगणात आणून सोडलं आणि म्हणाले, 'महिन्याभराचा प्रश्न आहे.' मी हो म्हटलं खरं, पण मनातून चरकलो. या कुत्र्याच्या बाबतीत मी एकदा दत्तोपंतांशी खोटं बोललो होतो. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती आणि मी ती त्यांना कधी कबूल केली नव्हती. ते गेल्यावर कुत्रा कायमचा माझ्याकडे राहिला, आणि खोटंही.

रेल्वेचा माणूस, पण सहलीला निघाला की पायी. कुत्र्याने गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून जायचं असा कायदा होता. दत्तोपंतांनी एकदाच गुंड्याला त्या पेटीत घालून खोपोलीला नेलं. पळसदरी येईपर्यंत तो जो रडला, तो सबंध गाडीने ऐकला. परतीचं तिकीट खिशात ठेवून हे गृहस्थ त्याच्याबरोबर कर्जतपर्यंत चालत आले. तेव्हापासून जिथे गुंड्याला पायी जाता येईल तिथेच सहल, हा नियम. लोक हसत. मीही हसत असे, आणि दर रविवारी भाकरीची पुरचुंडी घेऊन त्यांच्या मागोमाग जातही असे.

त्यांच्या सहलीची तयारी एखाद्या वरातीसारखी चाले. आदल्या दिवशी गुंड्याच्या अंगावरच्या गोचिडी काढून करंजाचं तेल चोळायचं. बरोबर पाण्यासाठी नारळाची करवंटी. चैत्रवैशाखात वाटेतल्या कातळावर हे आधी स्वतःचा तळहात टेकून बघणार, आणि चटका बसला तर म्हणणार, 'आपल्या पायांत वहाणा आहेत कचेरी, त्याच्या नाहीत.' मग अर्धा कोस वळसा. भाद्रपदात सहल बंद, कारण तो कुत्र्यांचा महिना, त्या दिवसांत गावोगावची कुत्री कुणाचं ऐकत नाहीत. पण सगळ्यात मोठी तयारी वेगळीच असे. परका कुत्रा शिवेत शिरला की गावची कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून दत्तोपंत नव्या वाटेवर आधी एकटे जात, प्रत्येक वस्तीतल्या पहिल्या घरी बसत, ताक पीत, आणि विचारत, 'तुमच्या कुत्र्यांची नावं काय?' मग सहलीच्या दिवशी शिवेवरूनच त्या नावांनी हाका मारत. नावाने बोलावलेलं कुत्रं भुंकायचं विसरून शेपूट हलवत येई. कशेळ्याच्या वाटेवरच्या झाडून सगळ्या कुत्र्यांची नावं या माणसाला पाठ होती, आणि घरधन्यांच्या नावांत मात्र घोळ. कुणी भेटलं की 'तुम्ही वाघ्याच्या घरचे ना?' असं विचारत.

गुंड्या दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. कोंडाण्याच्या लेण्यांना जायचं ठरलं. ती वाट आम्हाला नवी, आणि आदल्या रविवारी दत्तोपंतांची स्टेशनात पाळी आलेली. ते म्हणाले, 'तुम्ही एवढं विचारून या.' मी निघालो. पण कोंडाण्याच्या अलीकडे नदीकाठी चार घरांची वाडी दिसली आणि माझे पाय अडखळले. कचेरीतला कारकून हातात वही घेऊन कुत्र्यांची नावं विचारत फिरतोय म्हटल्यावर लोक काय समजतील? सरकार आता कुत्र्यांवरही पट्टी बसवणार, हेच! निदान मी स्वतःला तसं पटवलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. अलीकडच्या तीरावर आंब्याखाली मी भाकरी खाल्ली, घटकाभर लवंडलो, आणि परत येऊन सांगितलं, 'दोनच कुत्री आहेत. एक मोत्या, एक काळू. अगदी गरीब.'

पुढच्या रविवारी दत्तोपंतांनी नदी ओलांडली आणि मोठ्या विश्वासाने हाका मारल्या, 'मोत्या! ये रे काळू!' धावून आली ती तीन, आणि त्यांत गरीब एकही नव्हतं. माझी काठी हवेतच राहिली. गुंड्याचा कान फाटला, तो केकाटत सुटला आणि वरच्या रानात दिसेनासा झाला. मी हाका मारत मागे धावणार, तोच दत्तोपंतांनी माझा दंड धरला. 'धावू नका. घाबरलेल्याला आपण शोधायचं नसतं, त्याला आपण सापडायला हवं.' लेण्यांच्या वाटेवर मोकळी जागा बघून त्यांनी अंगातला कोट काढून जमिनीवर पसरला आणि शेजारी बसून राहिले. दुपार झाली, उन्हं कलली. भाकरीला कुणी हात लावला नाही. तो परत आला नाही तर हा माणूस त्या दोन खोल्यांत कसा राहील, हा एकच विचार माझ्या डोक्यात घुमत होता... शेवटी कारवीतून सळसळ झाली. गुंड्या लंगडत आला आणि कोटावर आडवा झाला. नदीवर त्याचा कान धुताना दत्तोपंत माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, 'नावं बदलली असतील त्यांनी.' मी मान हलवली. त्यांना खरं वाटलं, असं मी धरून चाललो.

त्यानंतरही रविवार चुकला नाही. त्या माणसाने मला कचेरीच्या धुळीतून उचलून उघड्यावर आणलं. कुठला झरा वैशाखातही आटत नाही, कुठल्या घरचं ताक दाट, हे मला ठाऊक झालं ते त्यांच्यामुळे. माझ्या हातापायांत आज बळ आहे तेही त्यांचंच देणं. त्यांचे उपकार किती म्हणून सांगू! फक्त कोंडाण्याचं नाव निघालं की मला काहीतरी काम निघे. कधी पाहुणे, कधी गुडघा. दत्तोपंतांनी एकदाही आग्रह केला नाही. गुंड्याला घेऊन ते एकटेच तिकडे जाऊन येत.

माघातल्या पहिल्या रविवारी गुंड्या पहाटेच अंगणाच्या फाटकाशी जाऊन बसला. अकरा वर्षांचा म्हातारा, पण रविवार त्याला बरोबर कळतो. सोडल्यावर तो कोंडाण्याच्याच वाटेला लागला. त्याला वळवावं असं मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. त्याच्या चालीने थांबत थांबत नदीपाशी पोचलो. गुंड्याला कडेवर घेऊन पाणी ओलांडलं आणि काठी घट्ट धरून वाडीत पाऊल टाकलं. भुंकणं ऐकू आलं, पण धावून कुणी आलं नाही. पहिल्या घराच्या पडवीत तीन कुत्री दाव्याने बांधलेली होती. सुपात तांदूळ निवडत बसलेली एक म्हातारी उठली.

'या भाऊसाहेब. कचेरीतलं तुमीच ना? हा गुंड्या हाय, म्हंजे तुमीच. बसा, कुत्री बांधलेली हायती.'

तिचं नाव बायजाबाई. मी विचारलं, 'तुम्ही मला कसं ओळखता?'

'मास्तर सांगून गेलेत. दिवाळी झाल्यावर एकलेच आलते, लई वाळले व्हते. म्हनाले, बायजाबाई, आता माज्याच्यानं येनं व्हनार नाय. म्होरल्या खेपेला कचेरीतलं भाऊसाहेब येतील गुंड्याला घेऊन. ते इचारायला लाजत्यात, तवा तुमीच आपनहून कुत्री बांधून ठेवा. म्हनून दोन-तीन म्हयने झाले, दर ऐतवारी बांधतोय आमी.'

मी ओट्यावर बसलो. म्हणालो, 'लाजतात, हे त्यांना कुणी सांगितलं?'

'कुनी कशाला सांगाया पायजे? गुंड्याचा कान फाटला त्याच्या म्होरल्या ऐतवारी मास्तर आलते की. मला इचारलं, आमचं भाऊसाहेब आलते का गं हिकडं? म्या म्हनलं, त्या आंब्याखाली एक टोपीवाला निजला व्हता, हितवर कुनी आलं नाय. लई हसले. पार डोळं पुसूस्तवर हसले.' तिने सूप खाली ठेवलं. 'ते कवा येनार आता?'

'मास्तर गेले, बाई.'

ती पदर तोंडाला लावून नदीकडे बघत राहिली. मीही तिकडेच बघत होतो. नऊ वर्षं ते सगळं जाणून होते, आणि जाताना कुत्रा माझ्याच हाती दिला. नुसता दिला नाही, माझ्यासाठी आधी एकटे येऊन वाट विचारून ठेवली. पोटातली कळ दाबत, एवढं चालत...

मी डोळे पुसले आणि म्हणालो, 'बाई, तुमच्या कुत्र्यांची नावं काय?'