सोयऱ्याधायऱ्यांसह

पेणला माझं टायपिंगचं दुकान होतं. तेव्हा, नव्वदच्या दशकात, कॉम्प्युटर बघायला लोक दाराशी उभे राहायचे आणि मी त्यांना चपला बाहेर काढायला लावायचे. लग्नपत्रिका हे मुख्य काम. पण दुकान आवरलं की त्याच कॉम्प्युटरवर आणखी एक काम चालायचं, ते माझं आणि बाबांचं.

बाबा धरमतरच्या बाजूला मिठागरावर मुकादम होते. काचबिंदूने नजर गेली तेव्हा ते सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. मीठ कधी धरतं, खाडीच्या बांधाला खांड पडली की अख्खा गाव कसा धावतो, मीठ ओढताना बायका एकमेकींना काय काय बोलायच्या. दोन वर्षं चाललं हे. थोडं छापून ठेवू या, असं मी म्हणायचे. ‘अर्धवट काही छापायचं नाही,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हट्टी माणूस. एका फ्लॉपीवर उतरवून ठेवलं होतं, तिला पावसाळ्यात बुरशी लागली. श्रावणात बाबा गेले. त्यानंतर ते त्या कॉम्प्युटरच्या डब्यातच आहेत, असं मला वाटायचं.

नवरात्रात हार्ड डिस्क कट्कट् वाजायला लागली आणि दुसऱ्या दिवशी पडदा काळाच. मी रोह्याला मामेभावाला फोन केला. तो तिथल्या एका केमिकल कंपनीत होता आणि कॉम्प्युटरचा भारी नाद. मला कॉम्प्युटर शिकवला तो त्यानेच. त्याची बारावी आमच्या घरी राहून झालेली, गणित बाबांनी घेतलेलं. मला सख्खा भाऊ नाही, ती उणीव त्याने कधी जाणवू दिली नव्हती.

शिफ्ट संपवून तो दुपारच्या एसटीने आला. स्क्रू काढले, जुनी डिस्क ओढून बाहेर काढली, नवी बसवली. मी म्हटलं, ‘पत्रिका गेल्या तर गेल्या रे. बाबांचं तेवढं काढ.’

‘काढतो गो ताई. कंपनीत एक जण हाय, त्याला दाखवतो,’ म्हणत त्याने डिस्क रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

भाऊबीजेला आला तेव्हा पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, ‘कायच नाय निघालं, ताई. मेली ती. भंगारात टाकली.’ माझ्या हातात ताम्हण होतं. मी ओवाळलं त्याला. मग आत जाऊन रडले, आणि तो बाहेरून समजूत घालत होता, ‘रडू नको गो.’ आज मला त्याच्याइतकाच माझ्या त्या ओवाळण्याचाही राग येतो.

तुळशीची लग्नं झाली आणि पत्रिकांची कामं सुरू झाली. एक गृहस्थ निडीच्या कुठल्याशा लग्नाची पत्रिका नमुन्याला घेऊन आले. ‘अशीच करा. ही रोह्याला केलेली हाय.’ मी वाचू लागले आणि ‘सोयऱ्याधायऱ्यांसह अगत्य येण्याचे करावे’ इथे थांबले. या शब्दातला अर्धा र आमच्या फॉन्टमध्ये नव्हताच. तो मी स्वतः बनवला होता. एक आडवी रेघ घ्यायची, बारीक करायची आणि ‘या’च्या खांद्याला चिकटवायची. ती कधी नीट बसली नाही, दर वेळी केसभर वर राहायची. थोडं दिसत होतं तेव्हा बाबा भिंगातून बघून चिडवायचे, ‘तुझ्या र ला पंख फुटलेत.’ ती रेघ या पत्रिकेत होती. केसभर वर, दोन्ही ठिकाणी.

म्हणजे डिस्क मेली नव्हती.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. तो खोटं बोलला, माझं काम ढापलं, हे सगळं नंतर सुचलं. पत्रिका निघाल्या म्हणजे बाबाही निघाले असणार, एवढंच डोक्यात होतं. गृहस्थांना उद्या या म्हटलं, शटर ओढलं आणि एसटी पकडली. गडब गेलं, नागोठणं गेलं, मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते.

रोह्याला त्याच्या बाहेरच्या खोलीत नवा कॉम्प्युटर होता आणि त्याची बायको पत्रिका करत बसली होती. मला बघताच तिने कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. तो आतून आला, माझ्या हातातली पत्रिका बघितली आणि त्याचं तोंड उतरलं.

‘ताई, तुला सांगणारच होतो...’

‘पत्रिका ठेव तुला. सगळ्या ठेव. बाबांचं दे.’

तो बायकोकडे बघू लागला. ‘ते नाय गो आता.’

‘निघालं नव्हतं?’

‘निघालेलं. समदं निघालेलं. पण जागा कमी पडत होती, म्हणून उडवलं. मिठागराचं कायबाय होतं. म्हटलं, कोण वाचणार हाय?’

जागा! बाबांची दोन वर्षं मिळून त्या पत्रिकेवरच्या एका गणपतीच्या चित्राएवढीही जागा खात नव्हती. मला ते पक्कं ठाऊक होतं, कारण कुठली फाइल किती जागा खाते ते कसं बघायचं, हे मला त्यानेच शिकवलं होतं.